ओळखीचा हात

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर यवत मागे पडले, की थोड्याच वेळात भांडगाव येते. दौंड तालुक्यातील हे गाव पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरांवर आहे. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात खेळू लागल्यापासून येथील रानांत उसाचे राज्य आहे. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडकडे निघते, तेव्हा तिची वाट भांडगावावरून जाते. त्या एका दिवशी गावाला माणसांचा पूर येतो. पालखी पुढे सरकली, की पुन्हा सारे शांत होते. उरतात ती उसाची शिवारे आणि हिवाळा लागला म्हणजे गुऱ्हाळांचा धूर.

अशाच एका गुऱ्हाळावर एक आजोबा गुळव्याचे काम करीत. गाव त्यांना आबा म्हणे. गुळव्याचे काम पाहणाऱ्याला सोपे वाटते. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत असतो, चुलवाणात चिपाडे धडाडून पेटलेली असतात आणि एक म्हातारा काठाशी उभा राहून नुसता पाहत असतो. परंतु सारे कसब त्या पाहण्यातच असते. रसात रानभेंडीचा चिकट रस घातला, की मळी फेसाबरोबर वर येते. ती वेळीच काढली नाही, तर गुळाचा रंग बिघडतो. पुढे पाक दाटत जातो, बुडबुड्यांचा आवाज बदलतो आणि उष्णतामान ११८ अंशांच्या आसपास पोहोचते. गुऱ्हाळावर उष्णतामापक कोण ठेवतो? आबा थेंबभर पाक थंड पाण्यात सोडीत, बोटांनी त्याची गोळी वळून पाहत आणि एकच शब्द उच्चारीत, “उतरवा!” तो शब्द क्षणभर उशिरा आला, तर गूळ करपून काळपटायचा. लवकर आला, तर ढेप धरायची नाही.

या ढेपा बाजारात जात त्या मालकाच्या नावाने आणि अडत्याच्या खुणेने. आबांचे नाव त्यांवर कोठेही नसे. तरीही एखादा जुना व्यापारी ढेपेचा कोपरा फोडून तुकडा जिभेवर ठेवी आणि विचारी, “हा भांडगावच्या म्हाताऱ्याच्या हातचा ना?” ही बातमी आबांच्या कानी आली, की ते नुसते “हं” म्हणत. पण त्या दिवशी त्यांना एक भाकरी अधिक लागे, असे घरची माणसे सांगत.

आबांचा नातू सातवीत शिकत होता. त्याच्यापाशी एक पुस्तक होते. ते त्याच्या वडिलांच्या शाळकरी दिवसांतले, पत्र्याच्या पेटीत सापडलेले. अमर चित्रकथा मालेतील ‘कृष्ण’. अनंत पै यांनी १९६७ साली ही माला सुरू केली. आपल्या मुलांना परदेशच्या पुराणकथा ठाऊक, पण रामाच्या आईचे नाव सांगता येत नाही, हे दूरदर्शनवरील एका प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात पाहून त्यांच्या मनाने घेतले, अशी हकीकत सांगतात. तेव्हापासून ३२ पानांची ही पुस्तके घरोघरी गेली. रेल्वेच्या फलाटावर, वाण्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर ती हाती पडत. एक प्रत दहा घरे फिरत असे आणि फिरता फिरता फाटत असे.

नातवाच्या पुस्तकाचेही तसेच झाले होते. मुखपृष्ठ केव्हाच निखळले होते आणि त्याच्याबरोबर आतले पहिले पानही गेले होते. उरलेली पाने आईने दाभणाने टाके घालून एकत्र धरली होती. पण त्या पानांतील कालिया नाग! त्याच्या फणांवर नाचणारा, पाय अलगद उचललेला तो निळा बालक! नातवाने ते चित्र पाटीवर काढले, वहीच्या मागच्या पानावर काढले आणि शेवटी कोळशाने गुऱ्हाळाच्या भिंतीवरही काढले. भिंतीवरचे चित्र पाहून मालक रागावतील अशी सर्वांना भीती होती. मालकांनी मात्र तेवढ्या भागावर चुना फिरवायचा नाही, असे बजावले.

ही चित्रे कोणीतरी माणसाने बसून काढली असतील, हे त्याच्या ध्यानात बरेच दिवस आले नव्हते. कणसात दाणे असावेत, तशी गोष्टीत चित्रे असतात, असे तो धरून चालला होता. एकदा कालियाची शेपटी त्याला काही केल्या जमेना. सात वेळा पुसून आठव्यांदा रेघ ओढताना तो अचानक थांबला आणि आबांना म्हणाला, “आबा, हे ज्यानं काढलं, त्यालाही पहिल्यांदा जमलं नसंल का?” आबा मळी काढीत होते. ते म्हणाले, “त्यालाच विचार की.” तेव्हापासून ‘त्याला विचारायचे’ हे नातवाच्या मनात बसले. परंतु विचारायचे कोणाला? नाव ज्या पानावर छापलेले असते, तेच पान नाहीसे झाले होते.

असे कुतूहल जगात इतरत्रही मुलांना पडले आहे. अमेरिकेत १९४२ पासून एक चित्रकार डोनाल्ड नावाच्या बदकाच्या चित्रकथा काढीत असे. पुस्तकांवर नाव असे ते वॉल्ट डिस्ने यांचे. या चित्रकाराचे नाव वर्षानुवर्षे कोठेही छापले गेले नाही. तरी मुलांना त्याचा हात ओळखू येई. इतरांनी काढलेले बदक आणि याने काढलेले बदक यांतील भेद त्यांना एका दृष्टिक्षेपात कळे. नाव ठाऊक नसल्यामुळे ती त्याला नुसते ‘चांगला बदकवाला चित्रकार’ म्हणत. अखेर १९६० साली एका वाचकाने त्याचा पत्ता शोधून काढला आणि त्याला पत्र धाडले. पत्र वाचून चित्रकाराला वाटले, कोणी मित्र आपली थट्टा करीत आहे. त्याचे नाव कार्ल बार्क्स. आपले काम कोणी नाव घेऊन वाखाणील, याची त्याला सवयच उरली नव्हती.

अशा वाचकांनी आणि चित्रकारांनी समोरासमोर यावे म्हणून पुढे संमेलने भरू लागली. सॅन डिएगो शहरात १९७० साली भरलेल्या संमेलनास जेमतेम ३०० माणसे होती. आज तेथे लाखाहून अधिक लोटतात. आपल्याकडे असे पहिले मोठे संमेलन, कॉमिक कॉन, दिल्लीस २०११ च्या फेब्रुवारीत भरले. त्यात अनंत पै यांचा जीवनगौरव करण्यात आला. आजारपणामुळे ते स्वतः जाऊ शकले नाहीत आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, २४ फेब्रुवारीस, त्यांचे निधन झाले. ज्यांनी त्या मेळ्यात त्यांची सही घ्यावी म्हणून जपून पुस्तके नेली असतील, ती तशीच परत आली असतील. पुढे ही संमेलने मुंबई, बंगळूर, हैदराबाद, पुणे अशी फिरू लागली.

पुण्यातल्या अशा एका संमेलनाची बातमी भांडगावच्या शाळेतील चित्रकलेच्या गुरुजींनी वर्तमानपत्रात वाचून दाखविली. पौराणिक चित्रकथांची शेकडो पाने रंगविलेले एक वृद्ध चित्रकार तेथे दुपारी दोन तास बसणार होते आणि वाचकांच्या पुस्तकांवर सह्या देणार होते. नातवाच्या छातीत धडधडू लागले. पौराणिक चित्रकथा काढणारी माणसे दोन असू शकतील, ही शंका त्याच्या मनाला शिवलीही नाही.

गुऱ्हाळाच्या ऐन हंगामात आबांना गाव सोडणे अवघड होते. परंतु त्या रविवारी नेमकी अमावास्या आली. अमावास्येला काहील पेटत नसे. आबांनी धोतर बदलले, डोक्याला फेटा बांधला, कागदात एक गुळाचा खडा पुडी करून घेतला आणि दोघे सकाळच्या एसटीत बसले. यवत गेले, उरुळी कांचन गेले. यवतच्या बाजूच्या डोंगरात भुलेश्वराचे देऊळ आहे. नातू तेथे शाळेच्या सहलीबरोबर गेला होता. त्या दगडी भिंतींवर रामायण-महाभारताची चित्रे एकापुढे एक अशी कोरलेली आहेत, की चालत चालत वाचावीत. एका अर्थी तीही चित्रकथाच. खिडकीतून डोंगराकडे पाहत नातवाने विचारले, “आबा, तिथं कुणाची सही हाय का?” आबा म्हणाले, “घाईनं उतरताना देवाला नमस्कार करायचा राहिला, तिथं सही कोण बघतंय!”

संमेलनाच्या दाराशी तिकिटाचा आकडा ऐकून आबांनी एकदा कनवटीला हात लावला, एकदा नातवाच्या तोंडाकडे पाहिले आणि पैसे मोजून दिले. आत गेल्यावर दोघांनाही क्षणभर बोलवेना. दिव्यांचा लखलखाट, कर्णे, आणि माणसे तरी कशी! कोणी कोळ्यासारखा अंगभर जाळ्यांचा पोशाख चढविलेला, कोणी पंख लावलेला, कोणी तोंडाला हिरवा रंग फासलेला. आबांना ही सारी बहुरूप्यांची जत्रा वाटली आणि तिचे त्यांना मुळीच नवल वाटले नाही. बहुरूपी त्यांनी उभ्या जन्मात पुष्कळ पाहिले होते. उलट, काळी झूल पांघरलेल्या एका बॅटमॅनने त्यांचे वय पाहून कोठून तरी खुर्ची आणून दिली, तेव्हा त्यांनी त्याला “औक्षवंत हो” असा तोंडभरून आशीर्वाद दिला. बॅटमॅनने मुखवटा वर करून त्यांना वाकून नमस्कार केला.

सह्यांची रांग लांब होती. नातवाला रांग ठाऊक होती ती पालखीच्या दर्शनाच्या बारीची. बारीत कोणी कोणाच्या हाती काय आहे ते पाहत नाही. येथे मात्र सारे पाहत होते. पुढच्या तरुणाने आपली पुस्तके पारदर्शक पिशव्यांत घालून आणली होती. ती इतकी कोरी होती, की वाचली असतील की नाही अशी शंका यावी. एकाच पुस्तकाच्या त्याच्याकडे पाच प्रती होत्या. सही झाली, की त्या दुप्पट-तिप्पट किमतीस विकल्या जातात, असे तो आपल्या मित्राला सांगत होता. व्यवहार म्हणून त्यात काही चूक नाही. पण सही हा भेटीचा पुरावा असतो. भेटच नको असणाऱ्याने पुरावा विकत घ्यावा, ही गोष्ट थोडी चमत्कारिक खरी.

नातवाने आपले पुस्तक पाठीमागे धरले. मुखपृष्ठ नाही, कोपरे दुमडलेले, मधोमध दाभणाचे टाके. एका पानावर भाजीचा डाग होता. हे पुस्तक त्या थोर माणसापुढे ठेवायचे? घाम आलेल्या हाताने तो डाग झाकू लागला. रांग सरकत होती. परतीच्या एसटीची वेळही सरकत होती.

अखेर तो मेजापाशी पोहोचला. चित्रकार कृश होते. चष्मा कपाळावर सारलेला, बोटांना काळ्या शाईचे जुने डाग. त्यांनी पुस्तक हाती घेतले, पण सही करण्यासाठी लेखणी उचलली नाही. ते पान उलटून पाहू लागले. मग दुसरे, मग तिसरे. कालियाच्या पानाशी ते थांबले आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

“बाळ, हे पुस्तक तू किती वेळा वाचलंस?”

“मोजलं नाही,” नातू म्हणाला. मग धीर करून त्याने विचारले, “कालियाची शेपटी तुम्हांला पहिल्यांदाच जमली होती का?”

चित्रकार थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ही शेपटी माझी नाही. हे राम वाईरकरांचं काम आहे. ही पाण्याची रेघ पाहा. हा पाय उचलण्याचा डौल पाहा. नावाचं पान नसलं, तरी हात लपत नाही.”

नातवाला काही कळेना. चित्रकारांनी त्याला समजावून सांगितले. या मालेत भारतीय कथांचा आरंभ झाला तो याच ‘कृष्णा’पासून, आणि त्याची चित्रे वाईरकरांची. ते २००३ साली वारले. “टिंकल मासिकातला सुप्पंडी ठाऊक आहे?” त्यांनी विचारले. नातवाने मान हलविली. शाळेच्या कपाटात त्या मासिकाचे जुने अंक होते. सांगितलेल्या कामाचा हमखास विचका करणाऱ्या त्या उंच डोक्याच्या गड्याला पाहून वर्ग पोट धरून हसत असे. “तोही यांच्याच हातचा.”

नातू डोळे विस्फारून पुस्तकाकडे पाहत राहिला. हा नाचणारा कृष्ण आणि तो वेंधळा सुप्पंडी एकाच बोटांतून उतरले होते! त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली, आणि त्याचा चेहरा उतरला. ज्याला विचारायचे होते, तो माणूस आता कोठेच भेटणार नव्हता. तिकीट, एसटी, दोन तासांची रांग, सारे त्याच्या डोळ्यांपुढून गेले.

मागची माणसे चुळबुळ करू लागली. व्यवस्थेतील एक स्वयंसेवक पुढे वाकून म्हणाला, “सर, करून टाका ना सही. एवढ्या लांबून आलाय. त्याला काय फरक पडतो?”

चित्रकारांनी लेखणीचे टोपण बंद केले. तेव्हा इतका वेळ गप्प असलेले आबा खुर्चीवरून उठले. “नका करू सही,” ते म्हणाले. “दुसऱ्यानं उतरवलेली काहील आपली कशी म्हणावी?”

चित्रकारांनी वर पाहिले. “आपण काय करता?” त्यांनी विचारले. आबांनी उत्तराऐवजी गुळाची पुडी सोडून मेजावर ठेवली. चित्रकारांनी खड्याचा कोपरा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. रांगेतील माणसे आता उघडच कुरकुरू लागली होती. पण मेजावरच्या दोन्ही म्हाताऱ्यांना त्याची क्षिती नव्हती.

“भेंडी घालता?” डोळे उघडून चित्रकारांनी विचारले.

“दुसरं काही घालत न्हाई,” आबा म्हणाले.

मग चित्रकारांनी जवळचा एक कोरा कागद घेतला. पट्टी लावून त्यांनी तो पुस्तकाच्या पानाएवढा कापला. दौतीत टाक बुडवून त्यांनी सावकाश, छापल्यासारख्या वळणदार अक्षरांत लिहिले, ‘चित्रे : राम वाईरकर’. खाली स्वतःचे नाव घातले नाही. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागदावर हाताने वारा घातला आणि तो पुस्तकात अगदी आरंभी, हरवलेल्या पानाच्या जागी ठेवला. “शेपटीचं विचारलंस ना?” ते म्हणाले. “मला माझी एक शेपटी चौदा वेळा काढावी लागली होती. पण ती दुसऱ्या पुस्तकात आहे.”

नातवाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. ते ‘दुसरे पुस्तक’ कोणते, हे विचारायचे त्याला सुचलेच नाही. ते बसमध्ये बसल्यावर सुचले. तेव्हा हडपसर मागे पडले होते.

घरी आईने दिव्याच्या उजेडात दाभण घेतले आणि तो कागद जुन्या टाक्यांतच बेमालूम शिवून टाकला. शेजारची मुले सही पाहायला जमली होती. सही नाही, हे पाहून ती निराश झाली. एकाने तर स्पष्टच विचारले, “मग एवढं पुण्याला जाऊन मिळालं काय?” नातवाने त्याला कालियाचे पान उघडून दाखविले आणि पाण्याची रेघ कशी पाहायची ते सांगितले. तो मुलगा थोडा वेळ पाहत बसला. मग त्याने दुसरे पान मागितले.

अमावास्या सरली आणि चुलवाण पुन्हा पेटले. शाळा सुटल्यावर नातू गुऱ्हाळावर आला तो कोळशाचा तुकडा हाती घेऊनच. भिंतीवरच्या कालियाखाली त्याने लिहिले, ‘चित्र : राम वाईरकर’. त्याच्या खाली, बरेच बारीक, ‘पाहून काढले’ असे लिहून आपले नाव घातले. आबांना अक्षरओळख बेताचीच. काय लिहिलेस, असे त्यांनी विचारले. नातवाने वाचून दाखविले.

“तुझं नाव एवढं बारीक का?”

“शेपटी अजून जमली न्हाई,” नातू म्हणाला. मग काहिलीतल्या दाटत चाललेल्या पाकाकडे पाहत त्याने विचारले, “आबा, ढेपेवर तुमचं नाव घालूया का?”

“ढेपेवर कसलं नाव! मुंग्या लागल्या की वाचणार कोण?” आबा हसले. त्यांनी थेंबभर पाक पाण्यात सोडला, बोटांत गोळी वळून पाहिली आणि ती नातवापुढे धरली. “हां, तू बघ. झाली का?”

नातवाने गोळी बोटांत घेतली. ती अजून मऊ होती. त्याने नकारार्थी मान हलविली. आबांनी काहिलीकडे पाहिले आणि चुलवाणात आणखी थोडी चिपाडे सारायला सांगितले.